नोरीनने सोडलेली ओळ

आमच्या पार्कवेवर, म्हणजे झाडीतल्या फिरायच्या रस्त्यावर, ट्रकना बंदी आहे. दोन्ही टोकांना हातभर उंचीच्या अक्षरांत तसं लिहिलंय. तरी वर्षाला वीस-बावीस ट्रकवाले नाकासमोर बघत आत शिरतात आणि अकरा दगडी पुलांपैकी कुठल्यातरी कमानीखाली बूच बसावं तसे बसतात. मग मला बोलावणं येतं. मी चाकांतली हवा सोडतो, ट्रक चार बोटं खाली येतो आणि मी त्याला उलटा ओढून काढतो. चौतीस वर्षं हाच धंदा करतोय. नाव लेनर्ड डेकर, सगळे लेनी म्हणतात. पण ही हकिकत माझी नाही. मला या चौतीस वर्षांत जितकी बोलावणी आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच आवाजात आली, त्या आवाजाची आहे. नोरीन हॅसब्रुकची.

हेमलॉक रिज पार्कवेचे पोलीस वेगळे. गावाचे नाहीत, काउंटीचे नाहीत, राज्याचेही नाहीत. एकतीस मैलांचा रस्ता, दोन्ही अंगांची झाडी आणि दरी बघायला बांधलेले पाच कठडे, एवढीच त्यांची हद्द. एकोणीस पोलीस, एक चीफ आणि वायरलेसच्या टेबलावर नोरीन. या पोलिसांची गुन्हेगारांपेक्षा हरणांशी जास्त ओळख आहे, असं लोक म्हणायचे. पोलीसही हसायचे.

नोरीन मुळात आली होती सहा आठवड्यांसाठी, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या जागी. ती बाई परतलीच नाही. तिचा तो मुलगा आता दाढी ठेवतो. नोरीनचा नवरा एड पार्कवेच्या कडेचं गवत कापायच्या कामावर होता. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. मुलगी ओरेगनला. मागे राहिली ती बाग. ऑगस्टमध्ये ठाण्यासमोर गाडीच्या काचा उघड्या ठेवायची सोय नव्हती, परत यावं तर सीटवर हातभर लांबीच्या चार झुकिनी. घ्यायला नकार दिला तर बाई दोन दिवस बोलायची नाही.

कामात मात्र तिचा हात धरणारा कोणी नव्हता. तिच्या टेबलाशेजारी बसून कॉफी पिताना मी कितीदा ऐकलंय. फोनवर कोणीतरी शहरातला, घाबरलेला.

"मी कुठे आहे तेच कळत नाहीये हो. इथे नुसती झाडं आहेत."

"झाडं सगळीकडेच आहेत, बाळा. पूल लागला का एखादा?"

"मागे एक गेला."

"कमानीवर शेवाळ होतं की वेल?"

"वेल. लाल झालेली."

"मग तू बाराव्या मैलावर आहेस. डाव्या अंगाला उतरू नकोस, ओढा आहे. आमचा लेनी येतोय वीस मिनिटांत. तोंडाळ आहे, पण गाडी नीट नेईल."

पोलिसांशीही ती अशीच बोलायची. तिशीतले बाप्ये, कमरेला पिस्तूल, पण नोरीनने "जेवलास का?" विचारलं की मान खाली घालून "अजून नाही" म्हणायचे. तिचा सगळ्यांवर जीव होता. पुढचं सगळं त्या जीव लावण्यातूनच झालं, म्हणून सांगतोय.

पोलिसाला गाडी थांबवायची तर आधी वायरलेसवर सांगायचं: गाडीचा नंबर, मैल आणि कारण. नोरीनने ते वेळेसकट नोंदवहीत लिहायचं. कारण आधी, थांबवणं नंतर. एकदा गाडी थांबवली, आतल्या माणसाचं तोंड बघितलं की कारण कोणालाही सुचतं, म्हणून हा क्रम.

शहाण्णव सालच्या जानेवारीत तो मोठा हिमवर्षाव झाला. चौदाव्या मैलावर तीन गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या आणि तिथे एकटाच पोलीस होता. बोटं गारठून त्याला धड बटण दाबता येत नव्हतं. नोरीन त्याला म्हणाली, "तू माणसं बाहेर काढ. मी वहीत ओळ सोडते. आलास की सांग, मग भरू." त्या दिवशी पाच माणसं वाचली. चीफने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी पावसातही ओळ सुटली. मग रविवारच्या गर्दीत. मग लख्ख उन्हात, काही कारण नसताना. दोन-चार वर्षांत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. "नोरीन, ओळ सोड" हे वायरलेसवर "नमस्कार"सारखं ऐकू यायला लागलं. ड्युटी संपली की पोलीस यायचे, कॉफी ओतून घ्यायचे, तिच्या टेबलाला टेकायचे आणि सांगायचे: मागचा दिवा बंद होता, पट्टा लावला नव्हता, इशारा न देता बाजू बदलली. ती आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात रिकामी ओळ भरायची. वही बघाल तर सगळं एका हातचं, एका शाईचं, कुठे खाडाखोड नाही. दरवर्षी तपासणीला येणारा माणूस त्या वहीची तारीफ करून जायचा.

मी वीस वर्षं हे डोळ्यांनी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय मायाळू बाई आहे. माझ्या गाडीतही पोलीस आपल्या माणसांना देतात ते कार्ड होतं. कुठे अडवलं तर दाखवायचं, की हसून सोडतात. मी दोनदा सुटलोय. अडवलं जाण्याची भीती काय असते, ते मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

मग तो ऑक्टोबरचा रविवार आला. पानं रंगायच्या दिवसांत सगळं शहर आमच्या रस्त्यावर येतं, म्हणून चीफ प्रुइटसुद्धा त्या दिवशी ठाण्यात होता. दुपारी साडेचारच्या सुमाराला मी नवव्या मैलावर एका कुटुंबाचं चाक बदलत होतो. पोलिसांचं बोलणं ऐकू येणारा डबा माझ्या गाडीत कायम चालू असतो. टोइंगवाल्याला तेवढी मुभा आहे, नाहीतर आम्ही अपघाताला पोचणार कसे? डब्यातून ड्रू कॉन्क्लिन या आमच्या पोलिसाचा आवाज आला.

"नोरीन, करड्या कोरोलाच्या मागे आहे. सतरावा मैल, उत्तरेकडे. थांबत नाहीये."

"कारण काय?"

"ओळ सोड."

"ड्रू, पाठलाग आहे का हा?"

"ओळ सोड म्हटलं ना."

त्यानंतर काही नाही. आमच्या रस्त्यावर साध्या वाहतुकीच्या चुकीसाठी पाठलाग करायचा नाही, असा नियम आहे. वळणं आहेत, पूल आहेत. कोणी मागे लागलाच तर टेबलावरच्या बाईने तत्क्षणी चीफला सांगायचं आणि चीफने काय ते ठरवायचं. मी पाना हातात धरून थांबलो होतो, आता नोरीनचा नाहीतर चीफचा आवाज येईल म्हणून. आला तो कॉन्क्लिनचाच, चार बत्तीसला.

"अँब्युलन्स पाठव. एकविसावा मैल, सातवा पूल."

कोरोला मीच ओढून आणली. चालवणारा रेनेल डॉरसेंट, चोवीस वर्षांचा, ईस्ट फ्लॅट्स या बाहेरदेशातून आलेल्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या बेकरीत कामाला. खुबा मोडला, उजवा पाय दोन ठिकाणी. गाडीच्या मागच्या सीटवर बेकरीची लोखंडी तबकं होती आणि मटणाच्या पॅटिसचा चुरा छतापर्यंत उडाला होता. आठ दिवस माझ्या आवारात त्या गाडीला भाजलेल्या पिठाचा वास येत होता.

नवव्या दिवशी त्याची आई आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, ठेंगणी बाई. कामाच्या बुटांत, कोट गळ्यापर्यंत बंद केलेला.

"तबकं न्यायची आहेत, साहेब. बेकरीची आहेत, परत करायला हवीत."

मी काढून दिली. दोन वाकडी झाली होती. ती त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही पोलिसांचे का?"

"नाही बाई. मी गाड्या ओढतो."

"माझ्या मुलाला या वर्षात सात वेळा थांबवलं त्या रस्त्यावर. सातही वेळा काही निघालं नाही. आठव्यांदा मागे दिवे बघितले आणि त्याचा पाय पडला पेडलवर. चुकलाच तो, मी नाही म्हणत नाही." तिने तबकं एकावर एक रचली. "पण आता सांगतात, पोलिसाने पाठलाग आधीच सोडला होता म्हणे. हा उगाचच पळत होता आणि स्वतःच जाऊन धडकला. वहीत तसं लिहिलंय. तुरुंगात घालणार त्याला. तुमच्या गाडीत तो डबा आहे, बोलणं ऐकायचा. तुम्ही काही ऐकलं?"

"नाही," मी म्हणालो.

असं बोललो खरा. ठाण्याकडून येणाऱ्या कामावर माझं घर चालतं, ड्रूच्या मुलीला मी सॉफ्टबॉल खेळताना बघितलंय, आणि ती बाई मला परकी होती. तिने मान हलवली, तबकं काखेत मारली आणि बसथांब्याकडे चालत गेली. मी तिला सोडायलाही गेलो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

वहीत होतं ते असं: "४:२९. कोरोला अतिवेगात. कॉन्क्लिनने पाठलाग सोडला." नोरीनचं गोल, टपोरं अक्षर.

वायरलेसवरचं बोलणं ध्वनिमुद्रित करणारं यंत्र जुलैत वीज पडून जळलं होतं. दुरुस्तीचा अर्ज कुठल्यातरी फायलीत झोपला होता. बाकीच्या पोलिसांनीही ते बोलणं ऐकलं होतं, पण सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात गावच्या साप्ताहिकाने आकडे छापले: पार्कवेवर ईस्ट फ्लॅट्सची माणसं दहात एक, आणि थांबवलेल्या गाड्यांमध्ये दहात सहा. मग काउंटीच्या सरकारी वकिलाकडून मिसेस पॅजेट नावाच्या बाई आल्या आणि तीन वर्षांच्या वह्या खोक्यांत भरून घेऊन गेल्या. जाताना त्या नोरीनला एवढंच म्हणाल्या, "इतक्या धावपळीच्या कामात इतकं नीट अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं." नोरीनला त्या रात्री झोप लागली नाही.

रेनेलचा खटला काय होणार ते त्या चौकशीवर होतं, आणि चौकशी येऊन थांबली होती एका ओळीवर. ती ओळ कधी लिहिली, हे फक्त दोघांना नक्की माहीत होतं. कॉन्क्लिन काही सांगणार नव्हता. राहिली नोरीन. तिच्या पूर्ण पेन्शनला आठ महिने होते.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. मला बोलायचं होतं. पण अंगणात आधीच शिडी लागलेली आणि शिडीवर चीफ प्रुइट. एड गेल्यापासून दर नोव्हेंबरला तो तिच्या छपराच्या पन्हळीतली पानं काढून द्यायचा. गणवेश नाही, जुनं स्वेटर. मला बघून म्हणाला, "बरा आलास. शिडी धर."

मी धरली. नोरीन खाली बादली घेऊन उभी. चीफने ओल्या पानांचा गोळा खाली टाकला आणि वर बघतच बोलायला लागला.

"पुढच्या शनिवारी पार्कवेचा कारभार बघणाऱ्या कमिशनची माणसं येतील चौकशीला. तुला खुर्चीवर बसवतील. घाबरू नकोस."

"घाबरत नाहीये मी, वॉरेन."

"तुला कोणी खोटं बोलायला सांगत नाहीये. अक्षर तुझं का, एवढंच विचारतील. अक्षर तुझंच आहे ना?"

"माझंच आहे."

"झालं तर मग."

"आणि कधी लिहिलं असं विचारलं तर?"

अजून एक गोळा खाली आला, बादलीबाहेर पडला.

"नाही विचारणार. असं कोण विचारतं? एकोणीस घरं आहेत, नोरीन. हे खातं बंद करून राज्य पोलिसांकडे द्यायला ती मंडळी टपलेलीच आहेत. ड्रूची मुलं बघ केवढीशी आहेत."

"तो रेनेलही कोणाचा तरी मुलगाच आहे," नोरीन म्हणाली.

चीफने सगळी पन्हळ साफ केली, शिडी घडी करून शेडमध्ये ठेवली, हात धुतले, तिने दिलेला केकचा तुकडा उभ्याउभ्या खाल्ला आणि गेला. तो वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी म्हणालो, "माझा डबा चालू होता त्या दिवशी."

"ठाऊक आहे मला. नवव्या मैलावर मीच पाठवलं होतं तुला."

"त्याची आई आली होती. मी तिला नाही म्हणून सांगितलं."

नोरीनने टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा केला. "म्हणजे आपण एकाच बाकावरचे." मग म्हणाली, "सहा वाजून दहा मिनिटांनी आला ड्रू. कप उचलतानाच कॉफी सांडली. मी पुसली. तो म्हणाला, लिही, चार एकोणतीसला सोडला म्हणून. आणि मी लिहिलं, लेनी. विचारलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही कोणाला विचारलं नाही की हे खरं का रे. मला वाटायचं विश्वास आहे माझा. विश्वास कसला, सवय होती नुसती."

"तुझी काय चूक? सगळेच करत होते."

"सुरू कोणी केलं?"

तिने मला जाताना अर्धा केक बांधून दिला.

सुनावणी अग्निशमन दलाच्या सभागृहात होती, शनिवारी सकाळी दहाला. तिथे त्याच सकाळी दलासाठी वर्गणी जमवायचा नाश्ता झाला होता, त्यामुळे सगळीकडे पॅनकेकचा आणि तळलेल्या सॉसेजचा वास. मी दलाचा जुना स्वयंसेवक, म्हणून कॉफीच्या पिंपाशी उभा. समोर घडीच्या टेबलामागे कमिशनचे तिघे. कोपऱ्यात मिसेस पॅजेट पिवळी वही घेऊन. एका बाजूला पोलीस, सगळे गणवेशात. दुसऱ्या रांगेत मिसेस डॉरसेंट, कोट अंगातच.

नोरीन निळा ड्रेस घालून आली, एडच्या अंत्यविधीला घातलेला. खुर्चीवर बसली. अध्यक्षांनी वहीचं पान पुढे केलं.

"मिसेस हॅसब्रुक, हे अक्षर तुमचं?"

"हो, माझं."

"ही चार एकोणतीसची नोंद?"

"मीच लिहिली आहे."

"आभारी आहे. तुम्ही जाऊ शकता."

चीफने श्वास सोडलेला मला पिंपापाशी ऐकू आला. नोरीन उठली नाही. अध्यक्षांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. ते जरा मोठ्याने म्हणाले, "झालं तुमचं, मॅडम."

"नाही झालं," नोरीन म्हणाली. "मी ती कधी लिहिली ते तुम्ही विचारलं नाही."

अध्यक्षांनी शेजाऱ्याकडे बघितलं. "कधी लिहिली?"

"सहा वाजून दहा मिनिटांनी. चार एकोणतीसला ती ओळ रिकामी होती. मी सोडली होती."

मग तिने सगळं सांगितलं. हिमवर्षावापासून. आवाज चढवला नाही, रडली नाही; बाराव्या मैलावरच्या माणसाला वाट सांगावी तशी एकेक खूण सांगत गेली. ओळ सोडायची म्हणजे काय, कारणं कशी टेबलाला टेकून सुचायची, एकेका वहीत अशा किती ओळी असतील. शेकड्यांनी, ती म्हणाली. कॉन्क्लिन आपल्या बुटांकडे बघत बसला होता. चीफने हॅट काढून मांडीवर ठेवली. मिसेस पॅजेटनी लिहायचं थांबवलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

"याला दुजोरा देणारं कोणी आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

पिंपाची तोटी बंद करून मी म्हणालो, "मी आहे. माझा डबा चालू होता." सगळ्या माना वळल्या. मी ऐकलं ते सांगितलं, आणि त्या बाईला नाही म्हटलं होतं तेही सांगितलं. मिसेस डॉरसेंट माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं.

साडेअकराला सगळं उठलं. पोलीस एकेक करून बाहेर पडले. नोरीनच्या खुर्चीजवळून जाताना कोणी तिच्याशी बोललं नाही. ज्यांच्या जेवणाची चौकशी तिने वीस-वीस वर्षं केली, ते तिच्याकडे न बघता गेले. ती खुर्चीवरच बसून राहिली. मी तिच्यासाठी कॉफी घेऊन गेलो, तेवढ्यात मिसेस डॉरसेंट तिथे आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"मला एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "तिथे विचारलं नाही कोणी."

"विचारा."

"तुम्हाला कळलं होतं, पाठलाग आहे म्हणून. त्याच वेळी."

"हो. मी ड्रूला विचारलं, तो सांगेना. सांगेना म्हणजे तसंच असणार. मला कळलं होतं."

"मग काय करायचं असतं तुम्ही?"

"चीफला सांगायचं असतं."

"तो कुठे होता?"

"त्याच्या खोलीत. दार उघडं होतं. माझ्या खुर्चीपासून बारा पावलं." नोरीनने कॉफीचा कप हातात घेतला, न पिता खाली ठेवला. "तसं तर उठायचीही गरज नव्हती. हाक मारली असती तरी चाललं असतं."

"आणि त्याने काय केलं असतं?"

"थांबवलं असतं. वॉरेनने आजवर चार वेळा थांबवलंय, अर्ध्या मिनिटाच्या आत."

"आणि रेनेल?"

स्वयंपाकघरात कोणीतरी तवे घासत होतं.

"घरी पोचला असता," नोरीन म्हणाली. "दंडाची चिठ्ठी पोस्टाने आली असती."

मला वाटलं आता ती बाई काहीतरी बोलेल, निदान उठून जाईल. तिने पर्स उघडली, शाळेच्या भोजनाच्या वेळापत्रकाचा एक कागद काढला, पाठकोरा, आणि तो टेबलावर सरळ करून ठेवला. त्यावर पेन ठेवलं.

"पोलिसाचं लिहून घेतलं त्यांनी आज," ती म्हणाली. "हे नाही लिहिलं कोणी. तुम्ही लिहा."

"हे खटल्यात लागणार नाही, मिसेस डॉरसेंट. यात त्याने काय केलं ते नाहीये. मी काय केलं ते आहे."

"ठाऊक आहे. मला हवंय."

नोरीनने चष्मा घातला. मी तिला चौतीस वर्षं लिहिताना बघतोय, पण पेन कागदावर टेकवून इतका वेळ थांबलेली तेव्हाच बघितली. मिसेस डॉरसेंटने घाई केली नाही. शेवटी नोरीनने तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं. पेन ठेवलं आणि कागद फिरवून तिच्यापुढे केला. मला तो उभ्याउभ्या वाचता आला.

"४:२९. मला कळलं. मी कोणाला हाक मारली नाही."